गाडीतळावरचे चार दगड

एकाच दिवशी पोस्टमनने दोन पत्रं दिली. एक नाशिकच्या पालिकेचं, एक ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायत आमच्या सायखेड्याची नव्हे, नाशिकच्या कडेला चिकटलेलं एक गाव आहे, त्याची. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाचतात-बिचतात आणि माझ्या सुनेला दर शुक्रवारी त्यांच्यातच बसायचं आहे. पाकिटं दोन, शिक्के दोन, पण आतला मजकूर एकच: जुन्या गाडीतळाची गुरुवारी संयुक्त पाहणी आहे, तरी ज्येष्ठ विक्रेत्यांनी हजर राहून माहिती द्यावी. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातली तिसरी दोनदा, तरी एवढं वाचता आलं. कळलं मात्र काही नाही.

ही गोष्ट कुंभमेळा होऊन दोनएक वर्षं झाली होती तेव्हाची. आता नातीने घरात कम्प्युटर आणलाय. ती म्हणते, लोक त्यात आपापल्या सहलीचं लिहितात, कोणी काश्मीरचं, कोणी सिंगापूरचं. म्हटलं, मग माझं नाशिकचं घाल. वहीत मी लिहिलं, टाइप तिने केलं. गाडीतळ बघायला कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून रस्ता, खाणं, भाडं, सगळं घातलंय. भाडी तेव्हाची आहेत. आता जास्त पडलं तर माझ्याशी भांडू नका.

आधी गाडीतळ म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पंचवटी मागे टाकून थोडं पुढे गेलं की काळ्या दगडाच्या फरशीचं एक मोठं पटांगण लागतं. मधे चिंचेची तीन झाडं आणि एका कडेला दगडी हौद. पूर्वी नदीकाठच्या गावांच्या बैलगाड्या भाजी-फुलं घेऊन यायच्या, इथे सुटायच्या, बैल हौदावर पाणी प्यायचे आणि माल इथूनच शहरात जायचा. बैलगाड्या गेल्या, टेम्पो आले, बाजार तिथेच राहिला. दर शुक्रवारी भरतो. माझी सासू तिथे फुलं विकायची, मग मी चाळीस वर्षं विकली, गुडघे गेल्यापासून माझी सून मंगल विकते. शेवंती, झेंडू, थोडी लिली. घरातला रोजचा पैसा त्या एका जागेवरून येतो.

आता भानगड अशी की पटांगणाचा अर्धा भाग शहराच्या हद्दीत आणि अर्धा त्या गावाच्या. हद्द नेमकी कुठून जाते ते कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाला पडलेलीही नव्हती. मग शहर वाढलं, जागेला भाव आला, आणि दोघांनाही आपापला अर्धा आठवला. शहराच्या अर्ध्यात मोटारी लावायचा तळ होणार असं कोणी म्हणायचं, गावाच्या अर्ध्यात दुकानांचे गाळे होणार असं दुसरं कोणी. मग एकदम बातमी आली की दोघं मिळून ठराव करणार आहेत: जुनं पटांगण आहे, तसंच मोकळं राखायचं, कोणीच काही बांधायचं नाही. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण मोकळं म्हणजे कुणापासून मोकळं, ते कोणी सांगेना.

माझा मुलगा म्हणाला, "आये, दोन हापिसं गोडीत बोलाया लागली का आपलं कायतरी जाणार आसं समजायचं. जाऊ नको."

मंगल भाकरी थापत होती. ती तव्याकडे बघतच म्हणाली, "बसते मी तिथं. जाणार का नाय ते मला विचारा." म्हणजे ठरलं.

गुरुवार

सायखेड्याहून नाशिकला जायला एसटी आहे, पण तिची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. पुलापाशी काळी-पिवळी जीप मिळते, माणशी पंधरा रुपये. ड्रायव्हरशेजारी बसू नका. तिथे चौघं बसवतात आणि गिअर तुमच्या मांडीत घुसतो. मागे दाराजवळची जागा धरा, वाराही लागतो आणि उतरायला सोपं. आम्ही सातला निघालो. माघ संपत आला होता, गोदावरीवर धुकं होतं आणि पलीकडचं चांदोरी दिसतच नव्हतं. हायवेला लागलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. परदेशी जाणाऱ्या घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले होते. मंगल म्हणाली, उन्हाने रंग चढू नये म्हणून. आमच्या घरात माणसांना कधी कोणी एवढं जपलं नाही.

औरंगाबाद नाक्याला उतरून पंचवटीत मिसळ खाल्ली. नाशिकला आलात तर खाल्लीच पाहिजे, काळ्या मसाल्याची. पण तर्री वेगळी मागून घ्या. एकदम ओतली की डोळ्यांतून पाणी येतं आणि पोऱ्या दुसरा पाव घ्यायला लावतो. पापड वरून चुरून खातात. आम्ही दोघींनी एकच प्लेट घेतली आणि पाव चार. वाढप्याने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, बाबा, आम्ही खायला आलोय, तुझ्या मालकाचा बंगला बांधायला नाही.

गाडीतळावर पोचलो तर ते रिकामं. चाळीस वर्षांत मी ते शुक्रवारशिवाय फार तर दोनदा पाहिलं असेल. माणसं नसली की फरशी केवढी मोठी दिसते. आणि फरशीवर ओळीने दगड. बघायला जाल तेव्हा आता ते दिसणार नाहीत, म्हणून सांगून ठेवते. आमच्याकडची रीत अशी होती की प्रत्येक घराचा एक दगड. तो आपल्या बसायच्या जागी असतो, आठवडाभर तिथेच राहतो. दगड आहे म्हणजे माणूस आहे. दुसऱ्याच्या दगडाला कोणी हात लावत नाही. कोणी चुना फासतो, कोणी गेरू. आमचा दगड म्हणजे सासूच्या फुटक्या जात्याची अर्धी तळी, मधे भोक असलेली. नवीन माणूस आला तर त्याने विचारायचं, आणि तोपर्यंत त्याचा दगड हौदाच्या कडेला. तीन शुक्रवार तिथे बसला, कुणाशी भांडला नाही, तर आत जागा. आणि दगडाशिवाय फरशीवर काही ठेवायचं नाही. खुंटी नाही, बांबू नाही, पत्रा तर नाहीच. ऊन लागलं तर छत्री, संध्याकाळी मिटून घरी. सासू गेल्यावर हा सगळा न्याय माझ्याकडे आला. कुणी दिला नाही. मी बोलायचे आणि लोक ऐकायचे, एवढंच.

चिंचेखाली टेबल मांडलं होतं. पालिकेकडून एक इंजिनिअर साहेब, वय माझ्या धाकट्या भाच्याएवढं, डोक्यावर टोपी. गावाकडून सरपंचबाई, चाळिशीच्या, काठापदराची साडी आणि पायात बूट. साहेबांनी आम्हाला खुर्ची दिली, चहा दिला, आणि रीतभात विचारून वहीत लिहून घ्यायला लागले. मी सांगत होते, ते लिहीत होते. पत्रा का नाही, असं विचारलं. मी म्हटलं, आज बांबू, उद्या पत्रा, परवा शटर. एकाला बसू दिलं की दुसरा म्हणतो मला का नाही. हे वाक्य त्यांना आवडलेलं दिसलं. दोनदा विचारून लिहिलं. मला बरं वाटलं. इथेच चुकलं, पण ते मला नंतर कळलं.

मग त्यांचं आपसात सुरू झालं, आणि मला वाटलं होतं तसं ते काही गोडीत नव्हते. 'सर' आणि 'ताई' म्हणत म्हणत भांडत होते. साहेब म्हणत होते, मागच्या महिन्यात दोन्हीकडचे मोजणीवाले मिळून आले, हद्द कायम केली, ती जिथे जिथे वळते तिथे मिळून चार दगड ठेवले. फरशी जुनी, खोदायची नाही असं ठरलेलं, म्हणून नुसते वर ठेवले. आणि आता ते जागेवर नाहीत. सरपंचबाई म्हणाल्या, आमच्या गावात कुणाला दगडं उचलायचा छंद नाही. साहेब म्हणाले, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, शक्यता सांगितली. बाई म्हणाल्या, शक्यता आमच्याकडेच का बोट दाखवते.

मी विचारलं, कसे होते दगड?

साहेब म्हणाले, एवढे एवढे, पांढरा चुना लावलेले.

मी हौदाकडे पाहिलं. हौदाच्या कडेला, नवीन माणसांच्या जागी, एका ओळीत चार पांढरे दगड बसले होते, शाळेतली पोरं बसतात तसे.

मागच्या महिन्यात मंगलला ताप होता म्हणून एका शुक्रवारी मी आले होते. आल्या आल्या बघते तर चार नवे दगड, कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही, एक वाटेतच, एक जनाबाईच्या मेथीला चिकटून. म्हटलं, कोण हे आगाऊ. चार दगड एकदम म्हणजे कोणी व्यापारी असणार, चार जागा धरून ठेवतोय. मखमलाबादकडचा किसन वांगी घेऊन माझ्या पलीकडे बसतो, त्याला सांगितलं, उचल आणि हौदाला ठेव, येईल तेव्हा बघू. त्याने ठेवले. तीन शुक्रवार झाले, कोणी आलं नाही. मी तर विसरूनही गेले होते.

मंगलने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी गप्प बसले.

मला कधी गप्प बसायची सवय नाही, म्हणून सांगते, फार अवघड गेलं. साहेब आणि बाई नकाशावर वाकले. साहेबांकडच्या नकाशात हद्द चिंचेच्या अलीकडून जात होती, बाईंकडच्यात पलीकडून. दोन्ही नकाशे सरकारी. शेवटी ठरलं ते असं: उद्या शुक्रवारी सकाळी शेवटचं बघायचं. हद्द जुळली तर दोघांच्या सह्या आणि पटांगण कायमचं मोकळं. नाही जुळली तर संयुक्त ठराव रद्द, ज्याने त्याने आपल्या अर्ध्याचं बघावं. साहेब हे खाली मान घालून म्हणाले. त्यांना ते नको होतं असं वाटलं. बाईंनाही नको होतं. मग दोघांना नको होतं तर होत कसं होतं, ते मला कळेना.

मुक्कामाला माझी धाकटी बहीण गंगू, तिचं घर पंचवटीतच. तुमचं कोणी नसेल तर धर्मशाळा पुष्कळ आहेत, पण अंथरूण आपलं न्या. अजून दिवस होता म्हणून गंगू आम्हाला घाटावर घेऊन गेली. रामकुंडावर गर्दी, सगळीकडे सिमेंट, आणि फुलांचे द्रोण आमच्या भावाच्या तिप्पट. गंगू म्हणाली, घाट किती मोकळा ठेवलाय बघ. पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणजे मोकळं म्हणजे नेमकं काय, माझा आणखी गोंधळ झाला.

गंगूच्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो तलाठ्याच्या ऑफिसात शिपाई होता, त्यामुळे त्याला कायदा येतो असं त्याला वाटतं. तो म्हणाला, सरकारी हद्दीचा दगड हलवणं म्हणजे गुन्हा, आत टाकतात. गंगू म्हणाली, मग तोंड मिटून बस. मंगल पोलक्याला गुंडी लावत बसली होती. नंतर हळूच म्हणाली, "आत्याबाई, नाय सांगितलं तर जागा जाती. सांगितलं तर तुम्ही जाता."

मी विचारलं, "मग तुझं काय म्हननं?"

"मला कुठं काय कळतंय," ती म्हणाली. पण गुंडी दोनदा लावून दोनदा उसवली.

शुक्रवार

बाजार बघायचा तर सकाळी आठच्या आत जा. नऊनंतर कोथिंबीर मान टाकते. त्या दिवशी आमची फुलं टेम्पोत मुलाने पाठवली होती. मंगलने जात्याच्या तळीमागे पोतं अंथरलं, तराजू लावला, शेवंतीचा ढीग केला. मी मागे पाय लांब करून बसले. शेजारी किसन वांगी रचत होता. मी त्याला म्हटलं, अरे, ते चार दगड सरकारचे निघाले. तो वांगं हातात घेऊन तसाच बसला. मग म्हणाला, "आक्का, मी नुसता उचलला. हुकूम तुझा व्हता." इतक्या वर्षांचा शेजार, पण किती चटकन बाजूला झाला बघा. मी त्याच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

आठला साहेब आले, सरपंचबाई आल्या, बरोबर मोजणीवाले दोघं, साखळी आणि फीत घेऊन. गर्दीतून फीत नेता येईना. एक म्हणायचा इथून, दुसरा म्हणायचा तिथून. एकजण जनाबाईच्या मेथीवर पाय देऊन उभा राहिला, तिने त्याच्या पोटरीवर जुडी मारली. तासभर असं चाललं. शेवटी साहेबांनी फाइल बंद केली आणि म्हणाले, ताई, नाही जुळत, मी तसा अहवाल देतो. बाई म्हणाल्या, द्या, आम्हीही देतो. त्या मागे वळून चिंचेकडे बघत म्हणाल्या की माझ्या आजोबांची गाडी इथे सुटायची हो, आता इथे गाळे करायचा ठराव माझ्याच सहीने करतील.

मंगल गिऱ्हाइकाला अर्धा किलो झेंडू तोलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तराजू मात्र हातात तसाच राहिला.

मी उठले. गुडघ्यांनी आवाज केला.

"साहेब, दगड मी हलवले," मी म्हटलं.

साहेबांना आधी ऐकू आलं नाही. मग आलं. "तुम्ही? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनी सांगायचं? हितं सांगणारी मीच हाय."

"आजी, ते सरकारी दगड होते."

"त्याच्यावर कुठं लिवलं व्हतं? चुना तर किसनच्या दगडालाबी हाय." मग सगळं सांगितलं. नवा माणूस, विचारायचं, हौदाची कडा, तीन शुक्रवार. "तुमचे दगड वळीत बसलेत बघा. त्यांचे तीन शुक्रवार झालेत. विचारलं असतं तर आत जागा दिली असती."

सरपंचबाई आधी हसल्या. इतक्या हसल्या की टेबलाला धरलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "महिनाभर आम्ही एकमेकांना पत्रं लिहितोय, आजी."

"मला एक लिवलं असतं तर," मी म्हटलं. पण गंगूचा नवरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

साहेबांनी विचारलं, मूळ कुठे होते? ते मला कुठे आठवतं. किसनला आठवत होतं, पण त्याच्या पद्धतीने: एक जनाबाईच्या मेथीच्या डाव्या अंगाला, एक लसणाच्या पोत्यापाशी, एक कलिंगडवाल्याच्या मागे, एक वाटेत. मोजणीवाल्यातला एकजण म्हणाला, दगडाखाली आम्ही लाल रंगाचा बारीक ठिपका दिला होता, पण जागा कळल्याशिवाय तो दिसायचा नाही. म्हणजे ठिपके फरशीवर असणार, आणि फरशीवर बाजार. भर विक्रीच्या वेळी पोती उचलायला सांगायची. साहेब मला म्हणाले, तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात.

लोकांनी ऐकलं, पण फुकट नाही. कलिंगडवाला म्हणाला, आक्का, एकेक कलिंगड उचलायचं तर तू ये. लसूणवाली म्हणाली, माझ्या लग्नापासून हे पोतं हललं नाही. जनाबाईने तर मला ऐकवलं की चाळीस वर्षं आम्हाला दगड हलवू दिला नाहीस आणि स्वतः सरकारचेच हलवलेस. खरं होतं. पण पोती उचलली गेली, ठिपके सापडले, मेथीखालचा थोडा चोळवटला होता. चार दगड परत जागेवर गेले. दोघांचे नकाशे त्याला जुळले का, ते मी विचारलं. साहेब म्हणाले, दोन्ही थोडे थोडे चुकले होते. मग सरकारी असून बरोबर काय होतं, ते विचारायचं राहिलं.

दोन दगडांमध्ये दोरी ताणली. ती चिंचेखालून, किसनच्या वांग्यांवरून येऊन बरोबर आमच्या पोत्यावरून गेली. फुलांचा ढीग शहरात, तराजू आणि मंगल गावात.

सरपंचबाई म्हणाल्या, "माणूस आमचा, फुलं तुमची. वाटून घ्यायचं का, सर?" तेव्हा साहेब हसले.

चिंचेखाली ठराव वाचला. एका बाजूने साहेब वाचायचे, तेच दुसऱ्या कागदावरून बाई वाचायच्या, कुठे शब्द चुकायला नको म्हणून. पटांगण दोघांनी मिळून कायम मोकळं ठेवायचं. बांधकाम नाही. चिंचा तोडायच्या नाहीत. हौद दोघांच्या खर्चाने दुरुस्त करायचा. शुक्रवारचा बाजार पूर्वीपासूनचा म्हणून तसाच चालायचा, माणसं आहेत तीच. इथपर्यंत मी मान हलवत होते. मंगलच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मग शेवटचं कलम: बाजार उठल्यावर पटांगणावर काहीही शिल्लक राहता कामा नये.

"कायबी म्हंजे?" मी विचारलं.

"काहीही, आजी. दगडसुद्धा."

मी म्हटलं, या दगडांमुळेच तर इथे कुणाची काही ठेवायची छाती झाली नाही. दगड नसते तर कधीच गाळे झाले असते. साहेबांनी वही उघडली, मागचं पान काढलं आणि वाचून दाखवलं: आज बांबू, उद्या पत्रा, परवा शटर. एकाला बसू दिलं की दुसरा म्हणतो मला का नाही. म्हणाले, हे तुमचंच आहे ना?

माझंच होतं. माझ्याच तोंडचं मला परत दिलं, वर 'आजी' म्हणून. दगड आणि बांबू यात फरक आहे, हे मला माहीत होतं. पण सांगता येईना. सासूला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी चाळीस वर्षं नुसतं सांभाळलं, का ते कधी विचारलं नाही. सरपंचबाई हळूच म्हणाल्या, मावशी, एवढ्या एका कलमावर पुन्हा फाटू देऊ नका. लोक सगळे माझ्याकडे बघत होते. मंगलसुद्धा.

मी दोन्ही कागदांवर साक्षीदार म्हणून सही केली. माझी सही हळू येते, एक अक्षर झालं की थांबावं लागतं. साहेबांनी घाई केली नाही, एवढं खरं. गुन्ह्याचं कोणी नाव काढलं नाही. मी आठवणही करून दिली नाही.

संध्याकाळी सगळ्यांनी आपापले दगड उचलले. कुणी टेम्पोत टाकले, कुणी तिथेच नाल्यात. किसनने त्याचा मला दाखवला, म्हणाला, घरी बैलाच्या दावणीला लावतो. पटांगण झाडलं तेव्हा फक्त सरकारचे चार पांढरे दगड राहिले. आमचे गेले आणि ते राहिले, हे मात्र मला आजही पटलेलं नाही. ठरावात ते 'काहीही'मध्ये येत नाहीत म्हणे.

परतीचं

शेवटची जीप औरंगाबाद नाक्याहून सहाच्या सुमारास सुटते, ती चुकवू नका. मी जात्याची तळी मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हरने विचारलं, आजी, नाशिकहून लोक चिवडा आणतात, तुम्ही दगड आणला? मी म्हटलं, चिवडा एका दिवसात संपतो. सगळी जीप हसली. मंगल खिडकीकडे तोंड करून हसत होती, मला दिसलं.

वाटेत मी तिला विचारलं, आपण जिंकलो का हरलो? ती म्हणाली, जागा राहिली ना. मी म्हटलं, राहिली. मग म्हणाली, दगड गेला ना. म्हटलं, गेला. तेवढ्यात चांदोरी आलं.

नंतर दर शुक्रवारी मंगल ती तळी फुलांच्या पाटीत घालून न्यायची, जागेवर ठेवायची आणि संध्याकाळी परत आणायची. पाटी जड व्हायची, पण मी म्हटलं होतं, म्हणून न्यायची. बाकीच्या दिवशी ती मोरीजवळ पिंपाच्या झाकणावर असायची, मांजर पाणी पिऊ नये म्हणून. मधल्या काळात हौद दुरुस्त झाला. अर्धा शहराने केला, अर्धा गावाने, सिमेंटचे रंग वेगळे आहेत. बघायला गेलात तर लक्षात येईल. पाणी मात्र एकच आहे.

एका शुक्रवारी पाऊस होता, गडबड होती, तळी झाकणावरच राहिली. मंगल गेल्यावर माझ्या लक्षात आलं. दिवसभर जिवाला चैन नाही. दगड नाही म्हणजे जागेवर कोणीतरी बसणार. जनाबाईची पुतणी कधीपासून टपून आहे. मंगल संध्याकाळी आली तर पाटी रिकामी, सगळा माल गेलेला. मी विचारलं, बसायला जागा कुठे मिळाली?

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "आपल्याच की. कोन बसतंय तिथं?"

दोन्हीकडे वांगी आणि मेथी होती म्हणे, मधे पोत्याएवढी फरशी रिकामी. ती उशिरा पोचली तरी तशीच.

तेव्हापासून तळी पिंपावरच आहे. मांजर पाणी पीत नाही. मग सासूने ती एवढी वर्षं तिथे कशाला ठेवली होती आणि मी कशाला राखली, हे मी सगळ्यांना विचारून झालं. साहेबांनाही विचारलं, बाजारात भेटले तेव्हा. त्यांनी वही काढली, पण लिहिलं काहीच नाही.